विमा राष्ट्रीयीकरणाचे शिल्पकार : चिंतामणराव देशमुख

अमेरिकेतील कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत विमा आयुक्त थेट मतदानाने निवडला जातो. भारतात मात्र हे पद नियुक्तीचे आहे. १९३८च्या विमा कायद्यानुसार विमा नियंत्रक नेमला जात असे. १९९९च्या कायद्याने ते काम विमा नियामक प्राधिकरणाकडे गेले. तथापि भारतीय विमा व्यवसायाविषयीचा सर्वांत दूरगामी निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या एका मराठी खासदाराने, अर्थमंत्री या नात्याने अमलात आणला.

चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते येथे झाला. १९१८ साली ते आयसीएस परीक्षेत पहिले आले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० साली त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद स्वीकारले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले.

वटहुकूम आणि महामंडळ

त्या काळी अनेक विमा कंपन्या बुडाल्या होत्या. विमेदारांच्या पैशाचा काही उद्योगपती स्वतःच्या धंद्यासाठी वापर करीत असल्याचा प्रश्न १९५५ साली फिरोझ गांधी यांनी लोकसभेत उपस्थित केला. नियंत्रकाची देखरेख अपुरी ठरत होती. १९ जानेवारी १९५६ रोजी देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विमा कंपन्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतल्याची घोषणा केली. निधी अन्यत्र वळविला जाऊ नये म्हणून वटहुकमाबाबत पूर्ण गुप्तता पाळण्यात आली होती. देशी-विदेशी कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ संस्थांचा व्यवसाय पुढे आयुर्विमा महामंडळात विलीन झाला. महामंडळाचे भांडवल ५ कोटी रुपये होते आणि पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी देण्यात आली.

राजीनामा

१ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ सुरू झाले, तेव्हा देशमुख मंत्री नव्हते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या धोरणाच्या आणि मुंबईतील गोळीबाराच्या निषेधार्थ त्यांनी जुलैमध्येच मंत्रिमंडळ सोडले होते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. आज पालघर जिल्ह्यात असलेले तलासरी तालुक्यातील झाई हे किनाऱ्यावरचे गाव गुजरातच्या सीमेवरील महाराष्ट्राचे टोक ठरले.

कसोटी

लवकरच महामंडळाची परीक्षा झाली. १९५७ साली मुंदडा यांच्या कंपन्यांचे समभाग महामंडळाने खरेदी केले. न्या. छागला आयोगाच्या चौकशीनंतर १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. खासगी मालकाच्या हातून सुटलेला विमेदारांचा पैसा सत्ताधाऱ्यांच्या दबावापासूनही सुरक्षित राहिला पाहिजे, हा या प्रकरणाचा धडा होता. २००० साली खासगी कंपन्यांना पुन्हा प्रवेश मिळाला, तेव्हा स्वतंत्र नियामकाची गरज याच कारणाने महत्त्वाची ठरली.

पुढे देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार, तर १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.