खाऱ्या पाण्यातील फ्लाय फिशिंग आणि जिताडा

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. वर्धा, धाम या नद्यांवर गळ टाकणाऱ्यांना गांडुळाचे किंवा कणकेचे आमिष परिचित आहे. सुटीत कोकणात जाणाऱ्या हौशी मंडळींसाठी मात्र 'फ्लाय फिशिंग' हा निराळा प्रकार ठरतो.

यात गळावर पिसे, केस व दोरा बांधून लहान मासळी किंवा कोळंबीसारखे कृत्रिम आमिष तयार करतात. त्याला जवळजवळ वजन नसते. फेकण्यासाठी लागणारे वजन दोरीत असते. लवचिक काठी मागे-पुढे झुलवून ही जड दोरी सोडली, की आमिष तिच्यामागोमाग जाते. खाऱ्या पाण्याने साधने गंजतात. म्हणून ती लगेच गोड्या पाण्याने धुवावीत.

कोकणातील खाड्यांत आढळणारा जिताडा या खेळातील मानाचा मासा होय. रायगड जिल्ह्यातील खवय्यांतही त्याला मोठी मागणी असते. जिताडा प्रथम नर म्हणून प्रौढ होतो आणि काही वर्षांनी त्याचे मादीत रूपांतर होते. साहजिकच सर्वांत मोठे जिताडे बहुधा माद्या असतात आणि त्या लाखो अंडी घालतात. असा मासा मारणे म्हणजे खाडीचे बियाणेच खाणे होय.

यासाठी गळाचा उलटा काटा आधीच दाबून चपटा करावा. मासा ओल्या हातांनी धरावा, शक्यतो पाण्यातच गळ सोडवावा आणि मोठा जिताडा पुन्हा खाडीत जाऊ द्यावा.