सरासरीत हरवलेली भिलाटी

खानदेशातल्या अनेक गावांच्या कडेला भिलाटी असते. भिलाटी म्हणजे भिल्लांची वस्ती. नंदुरबार शहरही याला अपवाद नाही. कोणी कुठे राहायचे, हे त्या शब्दातच आले. पण तिथले घर किती पैशांवर चालते, हे कळायला दारात जाऊन विचारावे लागते.

लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांनी अशी माहिती गोळा केली. गल्लीगल्लीची गरिबी-श्रीमंती रंगांनी दाखवणारा नकाशा त्यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळ यांच्या गोखले संस्थेने १९३६-३७ मध्ये पुण्यातील कुटुंबांची पाहणी केली. धंदा, मिळकत, घरभाडे अशी विचारपूस झाली. अहवालाचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले.

नंदुरबार जिल्हा धुळ्यातून १९९८ मध्ये वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे ६९ टक्के होते. शहरी भागात राहणारे मात्र सुमारे १७ टक्केच. शहरातल्या प्रत्येक वॉर्डात आदिवासी किती, नळ किती घरांना, हे जनगणना सांगते. मिळकत मात्र विचारत नाही. शिवाय एकाच वॉर्डात बंगल्यांची कॉलनी आणि भिलाटी दोन्ही आल्या, की सरासरी दोघींना एकाच मापाने मोजते. नवा नळ कुठे द्यायचा हे त्या सरासरीवर ठरले, तर कोरडी राहते ती भिलाटीच. म्हणून मोजणी वॉर्डापाशी थांबून चालत नाही. ती गल्लीत, घराच्या उंबऱ्यापर्यंत जायला हवी. गाडगीळांच्या पाहणीपासून आजच्या नगरपालिकांनी घ्यावा, तो धडा हाच.