तळटीप : दू फू
१. दू फू (७१२–७७०) : तांग काळातला चिनी कवी. राजसेवेच्या परीक्षेत नापास झाला, उतारवयात मिळाल्या त्या किरकोळ जागा. ७५५ मध्ये घरी परतला तो तान्हा मुलगा उपासमारीने गेलेला. त्यातच सेनापती आन लुशानचे बंड उसळले. या धामधुमीतल्या कविता, आमच्या मते, त्याच्या सर्वोत्तम. एकीत रात्री सैन्यभरतीचा अंमलदार गावात येतो, म्हातारा भिंतीवरून पळ काढतो आणि छावणीत रांधायला म्हातारीच निघते. कवी टिप्पणी करत नाही. समकालीन कवी ली बाई याच्याशी असलेल्या मैत्रीचे गोडवे फार गायले जातात. प्रत्यक्ष भेटी मात्र ७४४-४५ च्या सुमाराच्या, मोजक्याच. हयातीत नाव बेताचेच; सुमारे १,४०० कवितांचा संग्रह वांग झू याने १०३९ मध्ये सिद्ध केला. – संपा.