तबकडीतली खरखर

जुन्या बाजारातून आणलेली भजनाची ७८ फेऱ्यांची एक तबकडी मी पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बिघडवली. खरखर जावी म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा काळा झाला, तबकडीची चकाकी गेली आणि आवाजही गेला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या चुकीपासून मी खरखरीकडे नीट पाहू लागलो.

ही खरखर दोन प्रकारची असते. पहिली जन्मजात. १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तिथून पुढे कित्येक दशके आपल्याकडच्या तबकड्या लाखेच्याच होत्या. त्या लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळत. भुकटी मुद्दाम घातलेली असे. जड ध्वनिपेटीखालची पोलादी पिन तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, हा हेतू. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची. आपल्याला ऐकू येणारी अखंड सरसर मुख्यतः त्या भुकटीची. १९४८ मध्ये अमेरिकेत विनाइलची एलपी आली. तिच्यात भुकटी नव्हती, त्यामुळे ती पुष्कळ शांत वाजे. मात्र तिच्यावर चरे लवकर पडतात आणि धूळ चिकटते.

दुसरी खरखर वापराची. माझ्याकडच्या एका नाट्यगीताच्या तबकडीची सुरुवात आणि शेवट बरा आहे, मधला अरुंद पट्टा तेवढा झिजून करडा पडला आहे. तिथे एक तान आहे. कोणीतरी पिन उचलून पुन्हा पुन्हा तिथेच ठेवली असणार. त्या अनाम रसिकाची दाद दुसऱ्या कुठल्या कागदपत्रात सापडणार?

संगणकावर खरखर गाळता येते, मीही गाळतो. पण सरसर फार गाळली की तंबोऱ्याची झणक, गायकाचा श्वास आणि शब्दातला ‘स’ही तिच्याबरोबर जातो. म्हणून न गाळलेली प्रत आधी जपावी, गाळलेली वेगळी ठेवावी.

बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्यापाशी नाही. उद्या त्यांची तीन मिनिटे कुठे सापडली, तर खरखरीबद्दल तक्रार कोण करील?