घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ चालत नाही? पेन ड्राइव्ह फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यातल्या बहुतेक वाड्यांमधलं एखादं तरी माणूस मुंबईला असतं. कोणी अंधेरीला, कोणी बोरिवलीला, कोणी मुलुंड-घाटकोपरला. गणपतीला नाहीतर मे महिन्यात ही मंडळी गावी येतात तेव्हा बॅगेत पेन ड्राइव्ह असतो. त्यात तिकडच्या हॉलमध्ये झालेल्या लग्नाचं शूटिंग, बारसं, साठीशांती किंवा सोसायटीच्या गणपतीची मिरवणूक असते. पुष्कळदा कॉम्प्युटरही तिकडूनच आलेला असतो. उपनगरातल्या एका खोलीत नवा लॅपटॉप आला की जुन्या डेस्कटॉपला जागा उरत नाही, मग तो गावच्या घरी येतो.

इथंच अडचण सुरू होते. नव्या मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जुन्या मशीनवर लावला की कधी काळा पडदा आणि नुसता आवाज, कधी चित्र अडकत अडकत, तर कधी सरळ ‘फाइल उघडता येत नाही’ असा संदेश येतो. मग कोणीतरी सांगतं, ‘फाइल करप्ट आहे, फॉरमॅट मारा.’ फॉरमॅट मारलं की पेन ड्राइव्हवरचं सगळं जातं. गेलेल्या आजोबांचा आवाज त्या एकाच फाइलमध्ये असेल तर तो पुन्हा मिळणं कठीण. प्रत्यक्षात अशा कितीतरी फाइली धडधाकट असतात. चालवणारं सॉफ्टवेअर किंवा मशीन कमी पडत असतं. म्हणून आधी दोष कुठं आहे ते शोधायचं आणि मग हात लावायचा.

सगळ्यात आधी एक प्रत

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा सीडीवरची फाइल आधी कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. जी काही खटपट करायची ती या प्रतीवर करा. ‘कट-पेस्ट’ करू नका, ‘कॉपी-पेस्ट’च करा. मध्येच लाइट गेली तरी मूळ फाइल जागेवर राहते. कॉपी झाल्यावर दोन्ही फाइलींवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये साइज बघा. आकडा सारखा असेल तरच कॉपी पूर्ण झाली असं समजा.

दोष कुणाचा? दहा मिनिटांची चाचणी

१. त्याच कॉम्प्युटरवर दुसरा, नेहमी चालणारा व्हिडिओ लावा. तोही चालत नसेल तर दोष कॉम्प्युटरचा किंवा प्लेयरचा.
२. न चालणारी फाइल मोबाइलवर लावा. तिथं नीट चालली तर फाइल चांगली आहे.
३. तीच फाइल दुसऱ्या प्लेयरमध्ये लावा. चालली तर दोष पहिल्या प्लेयरचा.
४. पेन ड्राइव्हवरून अडकते पण हार्ड डिस्कवरून सुरळीत चालते, असं असेल तर पेन ड्राइव्ह किंवा यूएसबीचं तोंड धिमं आहे.

ही चाचणी न करता दुकानात गेलं की खर्च उगाच वाढतो.

आवाज येतो, चित्र येत नाही

सगळ्यात जास्त तक्रार हीच असते. फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी४, एमकेव्ही किंवा एमओव्ही लिहिलेलं असतं, पण ते नुसतं गोणीचं नाव झालं. गोणीत ज्वारी आहे की गहू, हे गोणीवरून कळत नाही. आतलं चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून बसवलंय त्याला ‘कोडेक’ म्हणतात. एच.२६४ ही पद्धत २००३ची. ती जवळपास प्रत्येक मशीनला समजते. एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी ही २०१३ची. तेवढ्याच दर्जाचं चित्र ती कमी जागेत बसवते, पण उलगडताना कॉम्प्युटरला जास्त मेहनत पडते. आयफोनमध्ये २०१७च्या आयओएस ११पासून ही पद्धत आली आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही ती निवडता येते. म्हणून पुतण्याच्या आयफोनवर झकास दिसणारा व्हिडिओ गावच्या मशीनवर काळा दिसतो.

उपाय तीन आहेत:

– व्हीएलसी प्लेयर टाका. तो फुकट आहे, विंडोज ७ वरही चालतो आणि बहुतेक कोडेक त्याच्या पोटातच असतात. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबली की आत कोणता कोडेक आहे ते दिसतं.
– पुढच्या वेळेसाठी आयफोनवाल्याला सांगा: ‘सेटिंग्ज’, मग ‘कॅमेरा’, मग ‘फॉरमॅट्स’मध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवड. पुढचं शूटिंग साधारणपणे एच.२६४ मध्ये होईल. आधी काढलेले व्हिडिओ मात्र बदलत नाहीत.
– आहे तीच फाइल बदलून घ्यायची तर व्हीएलसीच्या ‘मीडिया’ मेनूत ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ आहे. तिथं एच.२६४ आणि एमपी४ची जोडी निवडून वेगळ्या नावानं साठवा. ‘हँडब्रेक’ हे फुकटचं सॉफ्टवेअरही हेच काम करतं. जुन्या मशीनवर तासाभराच्या व्हिडिओला कित्येक तास लागू शकतात. मुंबईच्या माणसाकडं चांगला लॅपटॉप असेल तर तिथंच बदलून आणायला सांगणं सोयीचं.

व्हीएलसी कुठून घ्यायचा?

फक्त व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या त्यांच्या स्वतःच्या साइटवरून. २०२२ मध्ये ही साइट भारतात काही महिने बंद होती, त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्यामुळं ‘व्हीएलसीवर बंदी आहे’ असं अजूनही कोणी सांगत असेल तर ती जुनी गोष्ट आहे. ‘हा व्हिडिओ बघण्यासाठी कोडेक डाउनलोड करा’ असं अनोळखी साइटवर मोठं बटण दिसलं तर मात्र दाबू नका. व्हायरस शिरण्याची ही फार जुनी वाट आहे.

चित्र अडकतं, आवाज पुढं पळतो

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. व्हिडिओ चालू असताना ‘सीपीयू’चा आकडा सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर मशीन दमलंय. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५नंतरच्या प्रोसेसरमध्ये एच.२६५ उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे. त्याआधीच्या मशीनमध्ये सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. त्यात शूटिंग फोर-के असेल तर अडकणारच. ते ७२० किंवा १०८० मध्ये उतरवून घेतलं की चालतं. घरच्या साध्या मॉनिटरवर फरकही फारसा जाणवत नाही.

आणखी एक कारण नेहमी नजरेतून सुटतं. विंडोज नव्यानं टाकून घेतल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहून जातो. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘डिस्प्ले अॅडॅप्टर्स’ बघा. तिथं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’ असं दिसलं तर ड्रायव्हर नाही. मशीनच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर बघून तो टाका. अशा वेळी नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायची गरज नसते.

चित्र हिरवं-गुलाबी होत असेल किंवा चौकोन पडत असतील तर व्हीएलसीच्या ‘टूल्स’मधल्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘इनपुट / कोडेक्स’ उघडा. तिथला ‘हार्डवेअर-अॅक्सिलरेटेड डिकोडिंग’ हा पर्याय ‘डिसेबल’ करून पाहा. ओठ आणि आवाज थोडे मागं-पुढं असतील तर व्हिडिओ चालू ठेवून जे किंवा के हे बटण दाबत जा, आवाज मागं-पुढं सरकवता येतो.

चित्र आहे, आवाज नाही

आधी साधं तपासा. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज कुठं जातोय ते बघा. एचडीएमआय वायर लावलेली असेल तर आवाज टीव्हीकडं जातो आणि टेबलावरचे स्पीकर गप्प राहतात. वायर मागच्या हिरव्या तोंडातच आहे ना, हेही पाहा. एवढं करून एकाच फाइलला आवाज नसेल तर ती व्हीएलसीत लावा.

कॉपी होत नाही किंवा अर्धवट होते

लग्नाची पूर्ण फाइल पुष्कळदा ४ जीबीपेक्षा मोठी असते. पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीचा असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही, मग जागा ३२ जीबी मोकळी असली तरी. पेन ड्राइव्ह ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केला की ही अडचण जाते, पण त्याआधी त्यावरचं सगळं दुसरीकडं काढून घ्या.

व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि दर्जा जातो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो, मर्यादा २ जीबी. मोबाइलची बॅटरी मध्येच संपून शूटिंग तुटलं असेल तर एमपी४ फाइलचा शेवटचा महत्त्वाचा भाग लिहिलाच जात नाही आणि फाइल उघडत नाही. अशी फाइल डिलीट करू नका. त्याच फोनवर, त्याच सेटिंगवर काढलेला दुसरा चांगला व्हिडिओ सोबत असेल तर जाणकार माणूस त्याच्या आधारानं ती दुरुस्त करू शकतो.

जुन्या लग्नाच्या सीडी

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या व्हिडिओ सीडी अजून कपाटात आहेत. सीडी लावल्यावर काही सुरू झालं नाही तर ती उघडून ‘एमपीइजीएव्ही’ नावाचा फोल्डर शोधा. आतली डीएटी फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करून व्हीएलसीत लावा. डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डरमधल्या व्हीओबी फाइली घ्या. विंडोज ८पासून डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोजसोबत येत नाही, त्यामुळं ‘डीव्हीडी खराब झाली’ असा गैरसमज होतो. व्हीएलसीत तीच डीव्हीडी चालते.

सीडी पुसताना मऊ कापडानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही. चकाकत्या बाजूपेक्षा सीडीच्या छापील बाजूचा ओरखडा जास्त घातक, कारण माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. गावात एकानं घेतला तरी दहा घरांच्या सीडी उतरवून होतील. हे काम पुढं ढकलू नका. सीडी वाचणारे ड्राइव्ह कमी होत चाललेत आणि सीडीही कायम टिकत नाही.

यूट्यूब किंवा साइटवरचा व्हिडिओ अडकतो

व्हिडिओच्या कोपऱ्यातल्या चक्रावर जाऊन क्वालिटी ३६० किंवा २४० करा. सुरळीत चालला तर अडचण बहुधा रेंजची आहे. कोणतीच साइट उघडत नसेल तर तारीख बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागं जाते आणि साइटी ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडतात. सीआर२०३२ हा सेल कमी पैशात मिळतो. तो बदलून तारीख नीट केली की काम झालं.

विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि २०२३ मध्ये क्रोमनेही त्यासाठी नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा मशीनवर साठवलेले व्हिडिओ खुशाल बघा, पण बँकेचे व्यवहार टाळा. ‘फ्लॅश प्लेयर’ २०२० अखेर बंद झाला आहे. तो टाकायला सांगणारी साइट लगेच बंद करा.

सीसीटीव्हीचं फुटेज

उपनगरातल्या सोसायटीतून किंवा गावातल्या दुकानातून आणलेलं फुटेज काही वेळा डीएव्हीसारख्या वेगळ्या प्रकारात असतं. काढून घेतानाच ‘एमपी४’ मागा, नाहीतर त्या यंत्राचा प्लेयरही पेन ड्राइव्हवर घ्या. डिस्क भरली की जुन्या फुटेजवर नवं फुटेज चढतं, म्हणून चोरी-अपघाताच्या वेळी उशीर करू नका. पोलिसांत द्यायचं फुटेज बदलू किंवा कापू नका. मूळ प्रत तशीच ठेवून बघण्यासाठी वेगळी प्रत करा.

दूरवरून मदत घेताना

मुंबईतला मुलगा फोनवरून गावचा कॉम्प्युटर दुरुस्त करून देतो, त्यासाठी स्क्रीन शेअर करणारी सॉफ्टवेअर असतात. त्याचा कोड फक्त ओळखीच्या माणसाला, तोही आपण स्वतः फोन लावून द्यायचा. ‘कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

दुकानात जाण्याआधी

– फाइलची एक प्रत घरी ठेवली आहे का?
– मोबाइलवर फाइल चालते का, हे दुकानदाराला सांगितलं का?
– दुरुस्तीचा खर्च आधी विचारला का?
– ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही’ असं स्पष्ट बोललात का?

कॉम्प्युटर बिघडला तर दुसरा मिळतो, सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतं. घरच्या कार्यक्रमाचं शूटिंग एकदाच होतं. त्याच्या किमान दोन प्रती ठेवा, एक गावच्या घरी आणि एक मुंबईच्या घरी.