एक्सप्लोरर, फोर्ड : दृश्यमानतेचे दोष आणि मालकांच्या तक्रारी

फोर्ड कंपनीची अमेरिकी बाजारातील एसयूव्ही. १९९० मध्ये ती ब्राँको-२ या दोन दारांच्या गाडीच्या जागी आली. मुलांना शाळेत सोडणे, आठवड्याचे सामान भरणे आणि सुटीत बोट ओढून नेणे अशी सगळी कामे एकाच गाडीत होऊ लागल्याने स्टेशन वॅगनचे दिवस भरले. २००० साली एकट्या अमेरिकेत सुमारे ४ लाख ४५ हजार एक्सप्लोरर विकल्या गेल्या. या नोंदीत तिच्या इंजिनाचा वा गिअरचा विचार नाही. चालकाला बाहेरचे दिसावे म्हणून गाडीत जे जे असते, त्यातील दोष आणि त्यांवरच्या मालकांच्या तक्रारी एवढाच तिचा विषय आहे.

अमेरिकेत अशा तक्रारी नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एनएचटीएसए) या केंद्रीय संस्थेकडे जातात. गाडीचा क्रमांक, घटनेची तारीख आणि काय झाले याचे चार ओळींचे वर्णन दिले की तक्रार नोंदली जाते आणि मालकाचे नाव-पत्ता वगळून ती कोणालाही वाचता येते. प्रत्येक तक्रार गाडीच्या कोणत्या भागाची, हेही नोंदवावे लागते. ‘दृश्यमानता’ हा त्यांतला एक वर्ग. पुढची काच, मागची काच, वायपर, काचेवरचे धुके घालवणारा डीफॉगर, आरसे, सनरूफ हे सगळे त्यात येते. इथे एक मेख आहे. मागचा कॅमेरा बंद पडला तर एक मालक ती तक्रार दृश्यमानतेत टाकतो, दुसरा विद्युत यंत्रणेत, तिसरा मागे घेताना होणाऱ्या अपघातांच्या वर्गात. त्यामुळे एका वर्गातला आकडा पाहून गाडी चांगली की वाईट हे ठरवणारा हमखास फसतो. तक्रार म्हणजे सिद्ध झालेला दोषही नव्हे; संस्थेचे तपासनीस तिच्याकडे सुगावा म्हणून पाहतात.

या तक्रारव्यवस्थेला धार आली ती एक्सप्लोररमुळेच. फायरस्टोन कंपनीच्या टायरांचा वरचा थर सुटून एक्सप्लोरर उलटू लागल्या. या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा एनएचटीएसएने २७१ पर्यंत नोंदवला. परदेशात आधीच दिसलेली लक्षणे अमेरिकी सरकारला वेळेवर कळली नाहीत, यावरून अमेरिकी काँग्रेसमध्ये गदारोळ झाला आणि नोव्हेंबर २००० मध्ये ‘ट्रेड’ कायदा संमत झाला. वॉरंटीचे दावे, ग्राहकांच्या तक्रारी, मृत्यू आणि जखमींची माहिती कंपन्यांनी ठरावीक काळाने सरकारला कळवायची, असे बंधन त्याने घातले. चोवीस वर्षांनी फोर्डला जो दंड झाला, तोही वेळेवर हालचाल न करण्याबद्दलच. त्याकडे पुढे येऊ.

दृश्यमानतेची पहिली मोठी कटकट मागच्या दाराने आली. २००२ च्या मॉडेलमध्ये डिकीचे दार न उघडता नुसती काच वर उचलण्याची सोय होती. सामान ठेवायला ती फार सोयीची. पण काच उचलून धरणाऱ्या दांड्यांचे जोड निसटून काच फुटण्याचा धोका आढळला आणि २००२-०३ च्या गाड्या २००४ मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, म्हणजे ‘रिकॉल’ निघाला. त्याच दारावर काचेखाली प्लास्टिकची एक रुंद पट्टी होती. ती मधोमध उभी तडकत असे, आणि इतक्या गाड्यांची इतक्या सारख्या जागी तडकली की रस्त्यावर पुढे चाललेली एक्सप्लोरर कोणत्या पिढीची आहे हे त्या भेगेवरून सांगता येई. पट्टी तडकल्याने कोणाचा जीव जात नव्हता. तरी मालकांचा राग काचेपेक्षा पट्टीवरच जास्त दिसतो, कारण काच कंपनीने फुकट दुरुस्त करून दिली आणि पट्टीचे पैसे बहुतेकांना खिशातून भरावे लागले.

दुसरी अडचण खांबांची. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना छत पेलणारे जे तिरके खांब असतात, त्यांना ए-पिलर म्हणतात. गाडी उलटली तर छत किती दाबले जाते, याचा अमेरिकी निकष २००९ मध्ये दुप्पट कडक झाला. पूर्वी छताने गाडीच्या वजनाच्या दीडपट भार सोसला की पुरे होते. आता ६,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांसाठी तो तिप्पट झाला. खांबांत पोलाद वाढले, कडेने पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगचीही भर पडली. २०११ मध्ये नव्या बांधणीची एक्सप्लोरर आली तेव्हा जाड खांब आणि उंच बॉनेट यांमुळे वळणावर पादचारी झाकला जातो, असे परीक्षकांनी वारंवार लिहिले. याला दोष म्हणावे का, हा वादाचाच प्रश्न आहे. जो खांब उलटलेल्या गाडीत डोके वाचवतो, तोच चौकात रस्ता ओलांडणाऱ्याला लपवतो, आणि अशा गोष्टीवर रिकॉल निघत नाही.

हे एकट्या एक्सप्लोररचे दुखणे नाही. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने २०२५ मध्ये काही गाड्यांच्या जुन्या-नव्या पिढ्या मोजून पाहिल्या. चालकाला पुढे दहा मीटरच्या आतली किती जमीन दिसते, हा प्रश्न होता. १९९७ च्या होंडा सीआर-व्हीमधून ६८ टक्के दिसत होती, २०२२ च्या सीआर-व्हीमधून २८ टक्के. शेवरोले सबर्बनमध्ये हा आकडा ५६ वरून २८ वर आला.

खांबांची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. जानेवारी २०२४ मध्ये फोर्डने २०११ ते २०१९ या वर्षांतल्या सुमारे १९ लाख एक्सप्लोरर अमेरिकेत परत बोलावल्या. कारण होते त्याच ए-पिलरवरची बाहेरची पट्टी. तिच्या क्लिपा नीट बसलेल्या नसल्या तर ती आधी खडखडते, मग वाऱ्याने सुटून मागच्या गाडीसमोर पडू शकते. भारदस्त गाडीच्या भारदस्त खांबावरची चीज, आणि सगळे अडले क्लिपेवर!

वायपर आणि डीफॉगरच्या तक्रारी सगळ्याच गाड्यांच्या असतात; त्यांत सांगण्याजोगे फार नाही. काच तडकण्याचे प्रकरण जास्त चिघळते. खडा लागला असे विक्रेता म्हणतो, खडा लागलाच नाही असे मालक म्हणतो, आणि खडा काही साक्षीला येत नाही. सुबारूच्या फॉरेस्टर, आउटबॅक आणि असेंट गाड्यांच्या मालकांनी याच मुद्द्यावर न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा लावला होता. पूर्वी काच बदलणे अर्ध्या दिवसाचे काम होते. २०२० च्या एक्सप्लोररपासून आपोआप ब्रेक लावणारी आणि लेन सांभाळणारी यंत्रणा सरसकट मिळू लागली. तिचा कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो, त्यामुळे काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि बिल फुगते.

आता कॅमेरा. २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका बालरोगतज्ज्ञाने आपली एसयूव्ही मागे घेतली आणि तिच्याखाली त्याचाच दोन वर्षांचा मुलगा सापडला. त्या मुलाच्या नावाने ‘कॅमेरन गुलब्रॅन्सन’ कायदा झाला. २००८ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. नियम २०११ पर्यंत यायचा होता, तो लांबत गेला. अखेर पालक आणि ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी, ३१ मार्च २०१४ रोजी, तो जाहीर झाला. मागे घेताना होणाऱ्या अपघातांत दरवर्षी सरासरी २१० मृत्यू होतात आणि १५ हजार लोक जखमी होतात, असा सरकारचा अंदाज होता. मृतांत ३१ टक्के मुले पाच वर्षांखालची. गाडीमागची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा पडद्यावर दिसली पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत दिसली पाहिजे, असे नियम म्हणतो. १ मे २०१८ पासून तो सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना लागू झाला.

इथून दोषाचे स्वरूपच पालटले. कॅमेरा ही सोय होती तोवर तो बंद पडला तर चिडचिड व्हायची. कायद्याने तो सक्तीचा केल्यावर काळा पडदा म्हणजे नियमभंग ठरला.

सप्टेंबर २०२० मध्ये फोर्डने जगभरातल्या सुमारे ७ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांतल्या ६ लाख २० हजार अमेरिकेतल्या. एक्सप्लोररबरोबर एस्केप, एज, एफ-१५० अशी अनेक मॉडेले यादीत होती. कॅमेऱ्यातल्या सर्किट बोर्डाचा विद्युत जोड कच्चा असल्याने चित्र वाकडेतिकडे येई किंवा येतच नसे. पुढच्या वर्षी वेगळीच भानगड निघाली. चारही बाजूंचे चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या एक्सप्लोरर, लिंकन अ‍ॅव्हिएटर आणि कॉर्सेअर गाड्यांत रिव्हर्स टाकल्यावर पडदा निळा पडू लागला. २ लाख २८ हजार गाड्यांसाठी रिकॉल निघाला, दुरुस्ती झाली. आणि दुरुस्त झालेल्या गाड्यांचेही पडदे निळे पडल्याच्या तक्रारी आल्या. जानेवारी २०२३ मध्ये तोच रिकॉल वाढवून जगभरातल्या ४ लाख ६२ हजार गाड्यांवर नेला. आधी दुरुस्त झालेल्या गाड्यांनाही पुन्हा बोलावले. तोवर कंपनीकडे या बिघाडाचे २,१०० हून अधिक वॉरंटी दावे आणि १७ किरकोळ अपघातांची नोंद होती.

२०२० च्या रिकॉलची चौकशी एनएचटीएसएने सोडली नाही. कंपनीने तो उशिरा जाहीर केला आणि माहिती अचूक व पूर्ण दिली नाही, असा ठपका ठेवून नोव्हेंबर २०२४ मध्ये १६.५ कोटी डॉलरचा दंड ठरला. टाकाटा एअरबॅग प्रकरणानंतरचा हा त्या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा दंड. पण आकड्याला भुलू नये. रोख भरायचे साडेसहा कोटी. साडेपाच कोटी कंपनी अटी पाळते का यावर टांगलेले. उरलेले साडेचार कोटी तिने स्वतःच्याच चाचण्या आणि माहितीच्या नोंदी सुधारण्यावर खर्चायचे. तीन वर्षे त्रयस्थ निरीक्षकाची देखरेखही आहे. त्यानंतरच्या मे महिन्यात फोर्डने इतर मॉडेलांच्या सुमारे ११ लाख गाड्या पुन्हा मागच्या कॅमेऱ्यासाठीच बोलावल्या. या वेळी दोष सॉफ्टवेअरचा होता, चित्र उशिरा येई किंवा गोठे.

भारताचे म्हणाल तर फोर्डने इथे एंडेव्हर ही एसयूव्ही विकली आणि २०२१ मध्ये इथले गाड्यांचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. भारतात मागे अडथळा असल्याची सूचना देणारी यंत्रणा १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना सक्तीची आहे. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम ११०-अ ने मिळाला.