‘इथेच का?’ : दोन प्रवेश-अर्ज

‘आमचेच विद्यापीठ का निवडले?’ हा प्रश्न अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात आज बऱ्याचदा असतो. आपल्याकडची मुले त्याचे उत्तर आठवडेच्या आठवडे घोटत बसतात. या प्रश्नाचा पूर्वेतिहास पाहण्यासाठी मी दोन जुने अर्ज शेजारी ठेवले.

पहिला आनंदीबाई जोशी यांचा. ‘अमेरिकाच का?’ असे त्यांना विचारले ते आपल्याच लोकांनी. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूरच्या कॉलेजात भाषण करून त्यांनी एकेका शंकेला उत्तर दिले. मद्रासला कॉलेज आहे, इलाख्यांत सुइणींचे वर्गही आहेत. पण ते शिक्षण अपुरे आणि शिकवणारे जुन्या वळणाचे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अमेरिकेत पोहोचल्यावर २८ जूनला त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिले. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यात आधीच कबूल केले आहे. प्रकृती चांगली आहे, निश्चय पक्का आहे, आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी आपल्याला शिकायचे आहे, असा पत्राचा आशय आहे.

दुसऱ्या अर्जाआधी मधली पन्नासेक वर्षे पाहायला हवीत. हार्वर्डसारख्या विद्यापीठांत तेव्हा प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळे. स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील मुले ती परीक्षा उत्तीर्ण होऊ लागली आणि १९२२ पर्यंत हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण एक-पंचमांशापुढे गेले. अध्यक्ष लॉवेल यांना त्यावर मर्यादा हवी होती. उघड कोटा प्राध्यापकांनी मानला नाही. मग अर्जातच धर्म, वंश, वडिलांनी नाव बदलले आहे काय, असे प्रश्न आले. १९२६ मध्ये पहिल्या वर्षाची संख्या एक हजारावर बांधून ‘चारित्र्या’ला वजन देण्यात आले. गुण मोजता येतात. चारित्र्य मात्र वाचणाऱ्याच्या मर्जीवर ठरते. उमेदवाराला स्वतःविषयी लिहायला लावणे याच व्यवस्थेत रुजले, असे मला वाटते.

दुसरा अर्ज या व्यवस्थेतला आहे. १९३५ साली जॉन केनेडी यांनी हार्वर्ड का, याचे उत्तर पाच वाक्यांत दिले: उदार शिक्षण मिळेल, वडील तिथेच शिकले, आणि हार्वर्डचा म्हणवून घेणे हा मान आहे. प्रिन्स्टनलाही त्यांनी जवळपास हेच लिहिले, नाव तेवढे बदलून. दोन्हीकडे प्रवेश मिळाला. घराणे माहीत असताना कारणाची फारशी चौकशी झाली नसावी.

आनंदीबाईंच्या पत्रात मात्र कॉलेजचे नाव असे बदलता येत नाही. पुरुष डॉक्टर नको म्हणून मरणाऱ्या बायका ज्या कारणात आहेत, त्या कारणाला स्त्रियांना डॉक्टर करणारे कॉलेजच लागते. त्या ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, क्षयाने गेल्या.

आज अर्ज लिहिणाऱ्यांनी निदान एवढे करून पाहावे: लिहून झाल्यावर विद्यापीठाचे नाव खोडून दुसरे घालावे. मजकूर तसाच चालला, तर कारण अजून सापडलेले नाही.